पाणी की काठी

मोनाहेंगला त्याच्या बायकोनं सासुरवाडीच्या अंगणातून हाकलून दिलं, ही बातमी डोंगरातल्या आमच्या हा-सेखोबे गावात त्याच्या आधी येऊन पोचली होती. गावानं ती दोन दिवस चवीचवीनं चघळली.

आता चूक म्हटली तर त्याचीच. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. बाईनं माहेरी जावं, नवऱ्यानं आपल्या गावी गप बसून निरोपाची वाट बघावी. पण हा गडी दर दोन दिवसांनी घोड्यावर टांग टाकायचा, अख्खी दरी ओलांडून सासुरवाडीला हजर व्हायचा, आणि बायकोच्या दाराबाहेर खुडूक कोंबडीसारखा बसून राहायचा. सासूला लाज. मेहुणे तोंड लपवून हसणार. शेवटी मानेओच बाहेर आली. एक हात कमरेवर, एक हात पोटावर.

"तुम्ही इथं बसून माझे श्वास मोजता, आणि त्यानं मलाच धाप लागते," ती म्हणाली. "अजून तीन आठवडे आहेत. जा, कुणाला तरी धबधबा दाखवून आणा. आणि निरोप येईपर्यंत मला तोंड दाखवू नका."

"पण काही झालं तर?"

"झालं तर मावशी येईल ना सांगायला. जा म्हटलं ना!"

तो निघाला. पण 'काही झालं तर' हे त्यानं उगाच विचारलं नव्हतं, आणि तिलाही ते ठाऊक होतं.

आमच्याकडे सून घरात आली की सासरची माणसं तिला नवं नाव देतात, आणि ते नाव व्हायच्या मुलाच्या नावावरून असतं. मोनाहेंगच्या आईनं सुनेला नाव दिलं मानेओ. म्हणजे नेओची आई. नेओ म्हणजे देणगी, मुलगा असो की मुलगी, दोघांनाही चालणारं नाव. म्हातारीनं चांगला विचार करून ठेवलं होतं. पण सात वर्षं झाली, नेओची आई आहे आणि नेओचा पत्ता नाही. झऱ्यावर बायका हाक मारायच्या, "मानेओ, घडा भरला का गं?" आणि त्या हाकेत वाईट काही नसायचं, तरी ते नाव तिला दर वेळी टोचायचं. दोनदा दिवस राहिले. दोन्ही वेळा माहेरची माणसं दरी ओलांडून आली, मोनाहेंगच्या दाराशी बसली, आणि त्यांचे हात रिकामे होते.

हात रिकामे असणं म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पहिलं मूल झालं की बायकोच्या माहेरची माणसं बापाकडे येतात. तोंडानं अवाक्षर काढायचं नाही. मुलगा असेल तर बापाच्या पाठीत काठी घालायची, मुलगी असेल तर त्याच्या डोक्यावर गार पाणी ओतायचं. त्यावरून बापानं काय ते समजायचं. गावोगाव भले भले गडी असे झोडपले गेलेत, भिजलेत, आणि नंतर म्हातारे होईपर्यंत त्याच्या गोष्टी सांगत बसलेत. मोनाहेंगला सांगायला असं काही नव्हतं.

मोनाहेंगचा धंदा परक्या पाहुण्यांना घोड्यावरून डोंगर दाखवायचा. तर त्या आठवड्यात त्याला एक पाहुणा मिळाला. नाव तेऊनिस. हॉलंडमधला, निवृत्त शाळामास्तर, वय पासष्टच्या आसपास, उंची ताडाएवढी आणि घोड्यावर बसण्याचा अनुभव शून्य. त्याला दरीच्या टोकावरचा मोठा धबधबा बघायचा होता. जायला एक दिवस, यायला एक दिवस, मधली रात्र मेंढपाळांच्या दगडी झोपडीत.

सप्टेंबर महिना होता, म्हणजे आमच्याकडे हिवाळा सरायची वेळ. पीचच्या झाडांना गुलाबी बहर आला होता, पण वरच्या डोंगरांवर अजून बर्फाचे पट्टे होते. पहिल्याच खिंडीत घोडा कड्याच्या काठानं चालायला लागला तसे तेऊनिसनं डोळे गच्च मिटून घेतले.

"न्ताते तेऊनिस," मोनाहेंग मागं वळून म्हणाला. वडीलधाऱ्या माणसाला आम्ही न्ताते म्हणतो. "एवढ्या लांबून आलात ते डोळे मिटून बघायला होय?"

"माझं घर कुठं आहे माहितीये तुला?" तेऊनिस डोळे न उघडताच म्हणाला. "समुद्राच्या पातळीच्या खाली. आमच्याकडे सगळ्यात उंच जागा म्हणजे चर्चचा जिना."

"समुद्राच्या खाली? मग पाणी घरात येत नाही?"

"आम्ही बांध घालून अडवून ठेवतो."

"किती दिवस?"

"माझ्या पणजोबाच्या पणजोबापासून."

मोनाहेंगला हे इतकं नवल वाटलं की पुढचा तासभर तो अधूनमधून स्वतःशीच हसत होता. आमच्या बाया डोक्यावर घडे घेऊन पाण्यामागं चढ चढतात, आणि ह्या माणसाच्या पिढ्यान्‌पिढ्या पाण्याला हुसकावण्यात गेल्या!

धबधबा बघून मात्र म्हाताऱ्याची भीती कुठल्या कुठं पळाली. आधी तो पोटावर झोपून सरपटत कड्यापर्यंत गेला, खाली बघितलं, आणि लहान पोरासारखा ओरडला. मग अंगातला जाड कोट काढून दगडावर ठेवला आणि हात पसरून तुषार अंगावर घ्यायला लागला. वाऱ्यानं कोट उचलला. दोघांच्या देखत तो कोट पंख पसरून दरीत उतरला, वळण घेतलं, आणि खालच्या धुक्यात गडप झाला.

"गेला," तेऊनिस म्हणाला.

"गेला नाही. येत्या रविवारी खालच्या गावात कुणीतरी तो घालून चर्चमध्ये मिरवेल," मोनाहेंग म्हणाला, आणि दोघंही पोट धरून हसले.

संध्याकाळी झोपडीत शेणीच्या जाळावर पापा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि पालेभाजी शिजत होती. तेव्हा मोनाहेंगनं आपण होऊन सगळं सांगितलं. मानेओचं नाव, सात वर्षं, पाणी आणि काठी. परक्या माणसाशी बोलायला कधी कधी सोपं जातं.

"आणि तुला काय हवंय? पाणी की काठी?" तेऊनिसनं विचारलं.

"काहीही." मोनाहेंगनं जाळात एक शेणी सरकवली. "बर्फ फोडून आणलेलं पाणी ओता, पाठीचं सालटं निघेपर्यंत काठी मारा. फक्त मोकळ्या हातानं येऊ नका. पुन्हा तसं झालं तर मला नाही वाटत मी उठून उभा राहीन. आणि ती तर नाहीच."

तेऊनिसनं आपल्या थाळीतला पापाचा मोठा गोळा उचलून मोनाहेंगच्या थाळीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर हवेनं रंग बदलला. वारा सुटला, धुकं खाली आलं, बारीक बर्फ भुरभुरायला लागला. तेऊनिसचे दात वाजत होते. मोनाहेंगनं आपलं घोंगडं काढून त्याच्या खांद्यावर घातलं, समोर पिन लावली, आपली माकडटोपी त्याच्या डोक्यात नाकापर्यंत ओढली आणि वर आपली गवताची टोकदार टोपी बसवली. घोंगडं साधंसुधं नव्हतं. गडद निळं, त्यावर कणसांची नक्षी, लग्नात सासुरवाडीनं दिलेलं. ते तो मेल्याशिवाय अंगावेगळं करणार नाही असं गाव म्हणायचं. स्वतः त्यानं पाठीला एक रिकामं पोतं बांधून घेतलं.

"आणि तू?" तेऊनिसनं विचारलं.

"मी इथंच जन्मलोय. ही थंडी मला ओळखते."

थोडं पुढं गेल्यावर तेऊनिसची घोडी दगडावरून घसरली आणि लंगडायला लागली. झालं! आता दुसरा उपायच नव्हता. मोनाहेंगनं म्हाताऱ्याला स्वतःच्या फोकोजेवर चढवलं. फोकोजे हा त्याचा करडा घोडा, एक कान पांढराशुभ्र. पंचक्रोशीत त्याला न ओळखणारं माणूस नव्हतं. आणि लंगड्या घोडीचा लगाम धरून मोनाहेंग चालायला लागला.

शेवटच्या खिंडीत एक मोठा काळा खडक आहे. त्या खडकावर चढलं की मोबाइलला रेंज मिळते. मोनाहेंग चढला. फोन सुरू केला तर सासुरवाडीचे सहा कॉल येऊन गेलेले. त्यानं लगेच नंबर लावला. मालिपुओमावशीनं उचलला. ही मानेओची मावशी, अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट. पण वाऱ्यात तिचा आवाज तुटत होता.

"मावशी! काय झालं? मानेओ कशी आहे?"

"आम्ही निघालोय... तुमच्याकडे... पोचतोच..."

"निघालाय म्हणजे? मावशी, बाळ झालं का? तीन आठवडे होते ना अजून!"

"फोनवर काय सांगायचं, जावईबापू? घरी—" आणि रेंज गेली.

'आम्ही निघालोय.' मागच्या दोन्ही वेळा हेच शब्द होते. हाच आवाज. तीन आठवडे आधी. मोनाहेंग खडकावरून खाली उतरला.

"न्ताते, तुम्ही पुढं व्हा," मोनाहेंग म्हणाला. "इथून फोकोजेला घरचा वास लागतो, तो आता थांबणार नाही. लगाम ढिला सोडा आणि बसून राहा, तो नेईल. मी घोडीला घेऊन मागून येतो."

"तूच जा पुढं. मी चालतो."

"तुम्ही? ह्या उतारावर? मग मला तुमच्या घरी निरोप न्यावा लागेल, आणि मला काही पोहता येत नाही." तोंडातून थट्टा निघाली खरी, पण आवाज कोरडा होता. खरं सांगायचं तर त्याला पुढं जायचंच नव्हतं. घरी जे बसलं असेल ते जितकं उशिरा दिसेल तितकं बरं.

फोकोजे निघाला तो निघालाच. दोन वळणांत धुक्यात दिसेनासा झाला.

आता खाली गावात काय चाललं होतं ते ऐका. मालिपुओमावशी आणि सोबतच्या तीन बायका घोड्यांवरून येऊन पोचल्या होत्या. झऱ्यावरून एक मोठी बादली भरून घेतली, तीही वर बर्फाची पापडी असलेली, आणि चौघी जणी गावाच्या तोंडाशी दगडी गोठ्याच्या भिंतीआड दबा धरून बसल्या. मोनाहेंगची आई मामोनाहेंग समोर दारात, तोंडावर हात दाबून. तिलाही कुणी काही सांगितलं नव्हतं, पण बादली तिनं बघितली होती, आणि तेवढ्यानंच म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली होती.

धुक्यातून टापा ऐकू आल्या. पांढरा कान दिसला. मग निळं घोंगडं. मग टोकदार टोपी, खाली नाकापर्यंत माकडटोपी, खांदे पाडून बसलेला माणूस.

"आला गं बाई जावई!" मालिपुओमावशी कुजबुजली. "थांबा... थांबा... आत्ता!"

चौघींनी मिळून ती बादली उचलली, भिंतीवरून उंच केली, आणि नेमकी डोक्यावर पालथी घातली. एक थेंब वाया गेला नाही. फोकोजे खिंकाळून जागेवरच थांबला. वरचा माणूस असा काही ओरडला की गावातली कुत्री भुंकायला लागली. पण तो ओरडला कुठल्यातरी भलत्याच भाषेत.

मालिपुओमावशी पुढं झाली. तिनं माकडटोपी वर सरकवली. खालून निघाली लालबुंद, पांढऱ्या भुवयांची, टपटप गळणारी म्हाताऱ्याची मुद्रा.

"अगं आई गं!" मावशीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. "हा कोण?"

कुणी बोलेना. चूकच तशी होती. पाणी तर ओतून झालं, तेही पाहुण्यावर. बादली रिकामी, झरा पार खाली ओढ्याशी. आणि तोंडानं तर सांगायचं नाही! आता बापाला कळवायचं कसं? चौघीही एकमेकींकडे बघत खांबासारख्या उभ्या राहिल्या.

वर उतारावर मोनाहेंगनं ती आरोळी ऐकली. वाऱ्यात कळेना ती कसली. हसण्याची की रडण्याची, बाईची की पुरुषाची. मग एकदम सगळं शांत. आमच्या गावात आनंद असला तर असं शांत होत नाही. बायकांनी जीभ हलवून केलेला आनंदाचा कल्लोळ दोन डोंगरांपलीकडे जातो. त्यानं घोडीचा लगाम सोडून दिला आणि पळत सुटला. निसरड्या वाटेवर दोनदा पडला, गुडघा फुटला, पाठीवरचं पोतं कुठंतरी अडकून राहिलं.

धुक्यातून तो बाहेर आला तेव्हा पहिल्यांदा दिसली मालिपुओमावशी. तोंडावर हात. तिच्यामागच्या तिघी, माना खाली. दारात आई, डोळ्यांतून पाणी. आणि कुणाच्याही हातात काही नाही. ना काठी, ना घडा.

मोनाहेंग जागच्या जागी थांबला. "पुन्हा?" तो म्हणाला. एवढंच. मग तो चिखलात गुडघ्यांवर बसला.

"नाही नाही, जावईबापू, अहो—" मावशी पुढं धावली आणि अर्ध्यावर थांबली. पुढचं तोंडानं सांगायचं नाही! बिचारीचे ओठ नुसते उघडमीट होत होते.

तेवढ्यात तेऊनिस घोड्यावरून उतरला, म्हणजे घसरला म्हणा. त्याला बोलायचं होतं, पण दात असे वाजत होते की शब्द फुटेना. तो तसाच लांब ढांगा टाकत मोनाहेंगसमोर येऊन उभा राहिला. नुसता उभा राहिला आणि दोन बोटांनी घोंगड्याची कड धरून पुढं केली.

मोनाहेंगनं वर बघितलं. निळ्या घोंगड्याच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. एक थेंब. मग आणखी एक. बर्फ तर भुरभुरता होता, त्यानं घोंगडं असं चिंब होत नाही. त्यानं टोपीकडे बघितलं, ती पन्हाळीसारखी गळत होती. भिंतीजवळ पालथी पडलेली बादली बघितली. पुन्हा मावशीकडे बघितलं. मावशी आता मान हलवत होती. वरखाली, जोरजोरात, गालावरून आसवं ओघळत, आणि तोंड मात्र घट्ट मिटलेलं.

"हे..." मोनाहेंगचा आवाज फुटला. "हे माझं पाणी होतं?"

तेऊनिसनं मान डोलावली. "त्... तुझंच."

मोनाहेंग उठला. त्यानं म्हाताऱ्याच्या छातीवरची पिन काढली, घोंगडं त्याच्या खांद्यावरून उतरवलं, दोन्ही हातांनी आपल्या डोक्यावर उंच धरलं आणि पिळलं. सगळा जोर लावून पिळलं. झऱ्याचं गार पाणी त्याच्या केसांतून, कपाळावरून, मानेवरून सदऱ्यात धारेनं उतरलं. त्यानं पीळ उलटा केला आणि पुन्हा पिळलं. थेंबही ठेवायचा नव्हता त्याला.

"गार आहे!" तो ओरडला. "मावशी, काय गार आहे गं!" आणि त्याला रडू आलं, हसू आलं, काय काय आलं ते त्यालाच कळत नव्हतं.

मग चौघी बायकांनी जिभेनं जो कल्लोळ केला, तो समोरच्या डोंगरावरून फिरून परत आला. घराघरांतून माणसं धावत आली. मामोनाहेंगनं दाराचा आधार सोडून अंगणातच नाचायला सुरुवात केली, आणि तिचे गुडघे गेली पाच वर्षं दुखत होते.

आता बापाला पाणी लागलं होतं, म्हणजे मावशीच्या तोंडाचं कुलूप निघालं. मग काय विचारता! काल पहाटे कळा सुरू झाल्या, आई ठणठणीत, पोरगी छोटी आहे पण आवाज असा की दवाखान्यातली नर्स म्हणाली ही गावची सरपंच होणार, सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं.

"आणि फोनवर एक शब्द सांगितला असता तर?" मोनाहेंग अजून घोंगडं छातीशी धरून होता. "माझा जीव गेला असता ना, मावशी!"

"फोनवर सांगितलं असतं तर पाणी कुणावर ओतलं असतं?" मावशी कडाडली. "आणि लग्नाचं घोंगडं भलत्याच्या अंगावर घालायला तुम्हाला सांगितलं कुणी? आम्ही बाई घोंगडं बघून ओतलं!"

तेऊनिसला तोवर शेकोटीपाशी बसवून कुणीतरी तीन घोंगड्यांत गुंडाळलं होतं. हातात गरम चहा आल्यावर कुठं त्याला वाचा फुटली.

"माझ्या घराण्यानं तीनशे वर्षं पाणी अडवलं," तो म्हणाला. "आणि शेवटी चार बायकांनी गाठलंच."

मोनाहेंगनं ते सगळ्यांना आपल्या भाषेत सांगितलं, तसा हशा असा उसळला की फोकोजे पुन्हा खिंकाळला. मालिपुओमावशीनं फर्मान काढलं की ज्याच्या डोक्यावर पोरीचं पहिलं पाणी पडलं तो तिचा आजोबा, मग तो समुद्राच्या खाली राहो की वर. तेऊनिसनं चहाचा कप बाजूला ठेवला आणि बराच वेळ माकडटोपीनं डोळे पुसले.

मोनाहेंग अंगणाच्या कडेला एकटाच उभा होता. धुकं फाटत होतं. दरीपलीकडे, सासुरवाडीच्या बाजूला, उन्हाची एक तिरीप पीचच्या झाडांवर पडली होती. तिथं मानेओ होती, आणि आज सात वर्षांनी तिचं नाव खरं झालं होतं. त्याचे ओले कपडे अंगाला चिकटले होते, आणि त्याला थंडी वाजतेय हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"रानेओ!" दारातून म्हाताऱ्या आईनं हाक मारली. रानेओ म्हणजे नेओचा बाप. "ए रानेओ, आत ये, गारठशील!"

मोनाहेंग दाराकडे वळला, आणि ही कुणाला हाक मारतेय म्हणून त्यानं आपल्या मागं बघितलं. मागं कुणीच नव्हतं.